पोटठेकेदाराचे बिल, मुदतीचे दिवस आणि हातातली रोकड

सांगली-साताऱ्यातल्या कुपवाड, मिरज, पलूस, तासवडे, शिरवळ या एमआयडीसींत किंवा विश्रामबागच्या एखाद्या इमारतीवर नव्याने पोटठेका घेणारा माणूस दराची घासाघीस जीव तोडून करतो. किलोमागे दोन रुपये वाढवून मिळावेत म्हणून तीन चकरा मारतो. पैसे किती दिवसांनी येणार हा प्रश्न मात्र ‘पार्टी चांगली आहे, बघू’ एवढ्यावर सुटतो. पुढे मजुरांच्या पगाराचा दिवस उजाडतो तेव्हा खरी अडचण कळते. फॅब्रिकेशन, पाइपिंग, वायरिंग, प्लंबिंग, टाइल्स किंवा मशीनिंगचे जॉबवर्क, असे दुसऱ्याच्या ऑर्डरखाली काम सुरू करणाऱ्यांनी दराइतकाच दिवसांचाही हिशेब मांडायला हवा. तो कसा मांडायचा ते इथे पाहू.

आधी कागदावर एक हिशेब

समजा, एका शेडच्या स्ट्रक्चरचे काम आहे. लोखंड मुख्य ठेकेदाराचे. मजुरी, वेल्डिंग रॉड, गॅस, ग्राइंडिंग व्हील आणि हायड्रा (माल उचलणारी क्रेन) तुमचे. कामाची किंमत ६,००,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. काम १ जूनला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. दरमहा आरए बिल (झालेल्या कामापुरते चालू बिल), सर्टिफाय (तपासून मान्य) झाल्यापासून ४५ दिवसांनी पेमेंट, ५ टक्के रिटेन्शन (हमी म्हणून रोखून ठेवलेली रक्कम).

महिन्याचा खर्च असा: मजुरी १,७०,०००, रॉड-गॅस-व्हील ३५,०००, हायड्रा २५,०००, गाडीभाडे आणि डिझेल १०,०००. एकूण २,४०,०००. बिल ३,००,००० चे, म्हणजे महिन्याला ६०,००० सुटतात. दोन महिन्यांत १,२०,०००. कागदावर उत्तम काम.

आता तारखा लावू. पहिले बिल ३० जूनला जाते आणि १२ जुलैला सर्टिफाय होते. तिथून ४५ दिवस म्हणजे २६ ऑगस्ट. तोवर तुमच्या खिशातून काय गेले? दोन महिन्यांचा खर्च ४,८०,०००. शिवाय दोन बिलांवरचा जीएसटी प्रत्येकी ५४,०००: त्यातले १०,८०० रॉड-हायड्राच्या खरेदीवर आधीच दिलेले, उरलेले ४३,२०० रिटर्न भरताना. पहिल्या बिलाचे २० जुलैला, दुसऱ्याचे २० ऑगस्टला. बेरीज ५,८८,०००. आणि २५ ऑगस्टच्या रात्रीपर्यंत खात्यात आलेले पैसे शून्य.

सहा लाखांच्या कामाला जवळपास सहा लाखांचे भांडवल लागले. २६ ऑगस्टला ३,३६,००० येतील (३,५४,००० मधून १ टक्का टीडीएस ३,००० आणि रिटेन्शन १५,००० वजा), २६ सप्टेंबरला तेवढेच पुन्हा. तेव्हा हातात नफा दिसेल ८४,०००. उरलेल्यातले ६,००० टीडीएसमध्ये आणि ३०,००० रिटेन्शनमध्ये अडकलेले. मधल्या काळात हे सगळे पैसे शेकडा दोन टक्के महिन्याने खासगीत उचलले असतील, तर व्याजच सुमारे २५,००० होते.

त्याच कामाची, त्याच दराची मुदत बदलून पाहा. दर पंधरवड्याला बिल आणि बिल दिल्यापासून २१ दिवसांनी पेमेंट. मग पहिले १,६८,००० रुपये ६ जुलैलाच येतात, पुढचे २१ जुलैला, त्यानंतरचे ५ ऑगस्टला. तुमची जास्तीत जास्त अडकलेली रक्कम २,९०,००० च्या आसपास राहते, म्हणजे निम्मी. दरात एक पैसाही वाढवून मागितला नाही. बोलणी करताना जोर कुठे लावायचा ते यातून दिसते: आधी बिलाची वारंवारता, मग मुदत, मग रिटेन्शन, आणि दर शेवटी.

नवे काम घेण्याआधी हा तक्ता दहा मिनिटांत होतो. सर्वांत मोठी अडकलेली रक्कम काढा. ती तुमच्या शिल्लक आणि कर्जमर्यादेच्या बेरजेपेक्षा मोठी असेल, तर काम कितीही गोड दिसो, अटी बदलल्याशिवाय घेऊ नका.

वर्क ऑर्डरमध्ये काय लिहून घ्यायचे

‘पेमेंट ४५ दिवस’ एवढेच लिहिले असेल तर त्याचे चार अर्थ निघतात: बिलाच्या तारखेपासून, बिल ऑफिसात इनवर्ड झाल्यापासून, सर्टिफाय झाल्यापासून, किंवा मूळ मालकाकडून मुख्य ठेकेदाराला पैसे आल्यापासून. पहिल्या आणि तिसऱ्यात सहज पंधरा-वीस दिवसांचा फरक पडतो. चौथ्याला तर शेवटच नसतो. मालकाचे आणि मुख्य ठेकेदाराचे भांडण झाले तरी त्याची शिक्षा तुम्हाला होते. ही अट दिसली की खोडायला सांगा. खोडत नसतील तर निदान वरची मर्यादा घाला.

साध्या मराठीत अशी वाक्ये चालतात: ‘मोजमाप दर पंधरवड्याला दोघांनी मिळून घ्यावे. बिल मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी हरकत न आल्यास ते मान्य समजावे. मान्य झाल्यापासून २१ दिवसांत रक्कम खात्यात जमा व्हावी. मालकाकडून रक्कम येण्याशी याचा संबंध राहणार नाही.’ मोठ्या कंपनीचा छापील पीओ (परचेस ऑर्डर) बदलत नाही. तेव्हा हीच वाक्ये ईमेलने पाठवून ‘वरील अटी मान्य’ असे उत्तर घ्या आणि ते जपून ठेवा.

आणखी काही गोष्टी ऑर्डरवरच हव्यात. रिटेन्शन किती आणि कधी सुटणार: निम्मे काम पूर्ण झाल्यावर, निम्मे दोषदायित्वाची (कामातला दोष दुरुस्त करून देण्याची) मुदत संपल्यावर, आणि ती मुदत महिन्यांत लिहिलेली. लोखंड पार्टीचे असेल तर मान्य वेस्टेज किती टक्के, आणि तुकडा-भंगार कोणाचे. हे लिहिलेले नसले की शेवटच्या बिलात लोखंडाचा ताळमेळ न जुळल्याची डेबिट नोट येते, आणि नफा नेमका त्या शेवटच्या बिलातच असतो. साइटवरची वीज-पाणी फुकट की वजावट. काम पार्टीमुळे थांबले तर बसून राहिलेल्या माणसांचे काय. जादा कामाला लेखी आदेश कोण देणार, त्याचे नाव आणि पद. साइट इंजिनिअरने तोंडी सांगितलेले जादा काम बिलात मान्य होईलच याची खात्री नसते. निदान त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर ‘आपल्या सांगण्यावरून अमुक काम आज सुरू केले’ असा निरोप फोटोसह टाका.

ॲडव्हान्स मागायला लाजू नका. दहा टक्के मिळाले तरी पहिल्या दहा दिवसांची मजुरी निघते. एवढे ध्यानात ठेवा, की सेवेच्या कामात ॲडव्हान्सवरही जीएसटी लागतो.

परत न येणारे बिल

पेमेंट रखडण्याचे मोठे कारण पार्टीची नियत असते असे सगळे समजतात. प्रत्यक्षात पुष्कळ बिले अकाउंट्सच्या टेबलावर एखाद्या कागदाअभावी पडून असतात आणि तुम्हाला कोणी कळवत नाही. साइटच्या कामाच्या बिलासोबत असावे: ऑर्डरची प्रत, दोघांच्या सह्यांचे मोजमाप पत्रक, मागील बिलापर्यंतचे आणि या बिलाचे मिळून एकूण परिमाण, हजेरी आणि पगारपत्रक, पीएफ-ईएसआयची लागू असलेली चलने. जॉबवर्कच्या बिलात प्रत्येक डिलिव्हरी चलनाचा नंबर, पार्टीच्या जीआरएनचा (माल मिळाल्याच्या पावतीचा) नंबर आणि रिजेक्शनचे नग वेगळे दाखवलेले हवेत. नगांचा हिशेब चलनाशी जुळला नाही की पूर्ण बिल अडते. म्हणून रिजेक्ट माल त्याच महिन्यात मिटवा.

टॅक्स इन्व्हॉइसवर पार्टीचा जीएसटी नंबर आणि पीओ नंबर अक्षर न् अक्षर तपासा. एसएसी (सेवेचा प्रकार सांगणारा) कोडही बघा: बांधकामाला ९९५४, जॉबवर्कला ९९८८. दर पीओप्रमाणेच हवा. पीओतली उरलेली रक्कम संपली असेल तर सुधारित पीओ आल्याशिवाय संगणक बिल घेतच नाही. काम चालू असतानाच, ८० टक्के रक्कम वापरली गेली की सुधारणा मागा.

बिल हातात दिले म्हणजे पोचले असे नाही. तुमच्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि सही घ्या, आणि त्याच दिवशी पीडीएफ ईमेल करा. बिल कधी पोचले याचा पुढे वाद झाला तर हाच पुरावा असतो.

जीएसटीच्या बाबतीत एक क्रम पाळला तर बराच श्वास मिळतो. आधी मोजमापाचा गोषवारा सर्टिफाय करून घ्या आणि टॅक्स इन्व्हॉइस त्यानंतर काढा. वरच्या उदाहरणात इन्व्हॉइस ३० जूनऐवजी १२ जुलैचे असते, तर ४३,२०० रुपये २० जुलैऐवजी २० ऑगस्टला भरावे लागले असते. सर्टिफाय झाल्यावरच रक्कम देय होते असे ऑर्डरमध्ये लिहिलेले असेल तेव्हाच हे बसते. तुमच्या सीएला ऑर्डर दाखवून खात्री करा.

तिमाही रिटर्नची योजना घेतली असेल तर पहिल्या दोन महिन्यांची बिले पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (मधल्या महिन्यांची बिले चढवण्याची जीएसटी पोर्टलवरची सोय) चढवा. नाहीतर ती पार्टीच्या २बीमध्ये (क्रेडिटच्या, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीच्या वजावटीच्या यादीत) तिमाही संपेपर्यंत दिसत नाहीत, आणि २बीमध्ये दिसल्याशिवाय जीएसटीची रक्कम न देणाऱ्या पार्ट्या पुष्कळ आहेत. त्यांनाही क्रेडिट हवे असते, त्यांचे त्यात चुकत नाही.

वजावटी ओळखा

वैयक्तिक मालकीच्या धंद्याला ठेक्याच्या बिलावर १ टक्का टीडीएस, भागीदारी किंवा कंपनीला २ टक्के. एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली की कापतात. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर मूळ रकमेवरच कापायचा असतो. पॅन दिला नसेल तर २० टक्के जातात. दर तिमाहीला २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा आयकर खात्याचा उतारा) उघडून पाहा. पार्टीने कापले पण भरले नाही असेही होते, आणि ते वर्षअखेरीला कळून उपयोग नसतो.

रिटेन्शनची वेगळी वही ठेवा: पार्टी, बिल, रक्कम, सुटण्याची तारीख. वर्षभराने कोणी आठवण करून देत नाही. साइट इंजिनिअर बदललेला असतो, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला नसेल तर सगळे नव्याने सिद्ध करावे लागते. तो दाखला शेवटच्या बिलाबरोबरच घ्या.

कायदा तुम्हाला काय देतो

उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे आणि ऑनलाइन होते. कोणा एजंटला हजार रुपये देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून उलाढाल १० कोटींपर्यंत आणि यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योग. पहिली ऑर्डर घेण्याआधीच नोंदणी करा. काम झाल्यावर केलेल्या नोंदणीवर हक्क सांगताना वाद होतो. नंबर प्रत्येक बिलावर छापा.

२००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. ऑर्डरमध्ये ९० दिवस छापले असले तरी मर्यादा ४५ चीच. दिवस माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून मोजतात, आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारल्याचे धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट ६.५ टक्के असेल तर वर्षाला १९.५ टक्के.

एक मोठी खाच आहे. माल आणि मजुरी एकत्र असलेला बांधकामाचा ठेका, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, या कायद्याखाली येत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे. जॉबवर्क किंवा सुटा माल देणाऱ्यांना संरक्षण सरळ मिळते. साइटवर एकत्र ठेका घेणाऱ्यांनी त्यावर विसंबून राहू नये. त्यांच्यासाठी ऑर्डरमधल्या अटी हाच मुख्य आधार, म्हणून वर त्यावर एवढा भर दिला.

आयकराचीही एक तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचे मुदत उलटलेले पैसे ३१ मार्चला देणे राहिले, तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे दिलेल्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्चमध्ये पार्टीचे अकाउंट्स तुमच्याकडे उद्यम प्रमाणपत्र मागतात. ते फेब्रुवारीतच, थकीत बिलांच्या यादीसह, स्वतःहून पाठवा.

जीएसटीत १८० दिवसांचा नियम आहे. तेवढ्या दिवसांत तुम्हाला पैसे दिले नाहीत तर पार्टीला घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. दीडशेव्या दिवशी पाठवलेल्या नम्र स्मरणपत्रात हे एक वाक्य जरूर असावे.

तेरा आठवड्यांचा तक्ता

एक साधी वही किंवा एक्सेल पुरते. प्रत्येक आठवड्याला एक ओळ: सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे (पार्टीनिहाय), मजुरी, माल, जीएसटी, पीएफ-ईएसआय, हप्ते आणि भाडे, घरखर्च, शेवटची शिल्लक. घरखर्चाचा रकाना वगळू नका. धंद्याच्या खात्यातून ‘जरा लागले म्हणून’ काढलेले पैसेच पुढे मेळ लागू देत नाहीत. दरमहा ठरावीक रक्कम घ्या.

येणाऱ्या पैशांची तारीख ऑर्डरवरून टाकू नका. त्या पार्टीच्या मागच्या सहा बिलांत, बिलाची तारीख आणि खात्यात जमा झाल्याची तारीख यांतले दिवस मोजा आणि सरासरी घ्या. ४५ दिवस म्हणणारी पार्टी ६८ दिवसांनी देत असेल तर तक्त्यात ६८ लिहा. नव्या पार्टीला मुदतीवर तीन आठवडे वाढवून धरा.

जाणाऱ्या पैशांच्या तारखा पक्क्या असतात: पगार ७ तारखेपर्यंत किंवा दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी, पीएफ-ईएसआय १५ ला, मासिक जीएसटी २० ला. मजुरांची उचल वेगळ्या रकान्यात लिहा. दिवाळीआधी आणि गावच्या जत्रेआधी ती एकदम वाढते, आणि जत्रेला गेलेली टोळी आठवडाभर परतत नाही. तेवढे बिल पुढे ढकलले जाते.

इथला हंगामही तक्त्यात यायला हवा. साखर कारखान्यांची दुरुस्ती गाळप बंद असताना निघते, तेव्हा एकाच वेळी सगळ्यांना माणसे हवी असतात आणि मजुरी चढते. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडे पावसाळ्यात बाहेरचे काम ठप्प असते. कृष्णेच्या पुराने २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीतली कामे थांबवली. जून ते सप्टेंबरसाठी निदान सहा आठवड्यांची मजुरी बाजूला असावी.

पैसे जमा झाले की जीएसटीचा हिस्सा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात वळवा. तो आपला नसतो.

मधल्या दिवसांसाठी पैसा

बँकेचे कॅश क्रेडिट खासगी उसनवारीपेक्षा कितीतरी स्वस्त. मात्र बँक साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये (त्या वेळी उचलता येणाऱ्या रकमेत) धरत नाही. म्हणजे थकलेली पार्टी तुमची कर्जमर्यादाही खाली आणते. अर्ज पैसे संपल्यावर करू नका. वेळेवर भरलेले रिटर्न आणि चालते खाते असतानाच करा.

पार्टी मोठी असेल तर ट्रेड्सचा (बिलांवर पैसे उभे करून देणाऱ्या ऑनलाइन बाजाराचा) विचार करा. आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट हे तसे प्लॅटफॉर्म. पार्टीने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि तुम्हाला व्याज वजा करून पैसे लगेच मिळतात. पुढे पार्टीने थकवले तरी बँक तुमच्याकडे येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला संकोच नको.

मागायचे कसे

मुदतीच्या सात दिवस आधी अकाउंट्सला फोन: ‘साहेब, अमुक नंबरचे बिल अमुक तारखेला देय आहे, काही कागद बाकी आहे का?’ या एका प्रश्नाने अडलेले बिल वेळेत सापडते. मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी खातेउतारा पाठवा. सात दिवसांनी ईमेल, पंधरा दिवसांनी मालकाची किंवा प्लांटप्रमुखाची भेट, तीस दिवसांनी व्याजाच्या आकड्यासह लेखी पत्र. ऑर्डरमध्ये तशी सोय असेल तर लेखी कळवून काम थांबवता येते. न कळवता टोळी उचलली तर उलट तुमच्यावरच दंड लागू शकतो.

तरीही दाद नसेल आणि तुमचे काम एमएसएमई कायद्यात बसत असेल, तर सूक्ष्म-लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कागदांबद्दल सातारा आणि सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारता येते. परिषदेचा निवाडा तुमच्या बाजूने झाला आणि पार्टीला त्याविरुद्ध कोर्टात जायचे असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

पुढच्या तारखेचा चेक घेतला असेल तर तारखा काटेकोर पाळा. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत भरा. तो वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यापासून पार्टीला १५ दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात तक्रार. एक तारीख चुकली तरी प्रकरण ढिले पडते.

दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत आहे. दर मार्चअखेरीला पार्टीकडून बाकीच्या रकमेवर सही-शिक्का घ्या, कारण मुदतीच्या आत घेतलेल्या लेखी कबुलीपासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. पार्टीने पैसे बुडवले तरी त्या बिलावर भरलेला जीएसटी सरकार परत देत नाही. म्हणून पहिल्या बिलाचे पैसे खात्यात दिसेपर्यंत त्याच नव्या पार्टीचे तिसरे बिल उभे राहील एवढे काम करू नका.